खोडाआड

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. गेल्या मार्चमधला, सकाळी सात वाजून बारा मिनिटांचा. तो मी कुणाला पाठवला नाही आणि पुसूनही टाकला नाही. मध्यंतरी फोन भरला म्हणून सफाईला बसले. मुंजी, डोहाळजेवणं, चुकून निघालेले फरशीचे फोटो भराभर उडवत गेले आणि त्या एका फोटोशी अंगठा थांबला. तसं बघितलं तर त्यात काहीच नाही. कडेने काळोख, मधे फ्लॅशच्या उजेडात पांढरी पडलेली खोडाची आतली भिंत, तिच्यावर चोचीच्या बारीक बारीक टिच्या, आणि अगदी तळाशी, फोटोच्या कडेला, एका अंड्याची चंद्रकोरीएवढी पांढरी कड. ज्याला ठाऊक नाही त्याला ते अंडं आहे हेही कळणार नाही. मला कळतं.

आमचं घर सहकारनगरात, एका अंगाला पर्वती, दुसऱ्या अंगाला तळजाईची टेकडी. सासऱ्यांनी हे घर १९७८ साली बांधलं तेव्हा सासूबाईंनी माहेराहून, गुहागरहून, एक नारळाचं रोप आणून मागच्या अंगणात लावलं. सासूबाईंना मी आई म्हणते. पुण्याच्या हवेत नारळ धरेल का, अशी सगळ्यांनाच शंका होती, पण तो धरला आणि तीसेक वर्षं आमच्या घरच्या मोदकांना खोबरं पुरवत राहिला. मग चार-पाच वर्षांपूर्वी सोंड्या भुंगा लागला. आधी मधली कोवळी सुई वाकडी झाली, मग झावळ्या एकेक करून लोंबल्या, आणि एका पावसाळ्यात शेंडाच खाली आला. उरला तो नुसता खांब, गच्चीच्या कठड्याशेजारी उभा. मेलेला असला तरी शहरात झाड तोडायचं म्हणजे परवानगी हवी, १९७५ पासून तसा कायदाच आहे. मी अर्ज लिहून ठेवला होता. नेऊन द्यायचा राहिला, कारण आईंनी दोनदा विचारलं, ‘एवढी काय घाई आहे गं?’ स्वतःच्या हाताने लावलेलं झाड कुणी तोडायला काढलं की माणूस दुसरं काय विचारणार.

तो खांब मेला असं आम्ही धरून चाललो होतो, पण त्याच्याकडे येणाऱ्यांची वर्दळ वाढतच गेली. खोडाच्या सालीतून मुंग्या, सालीखाली किड्यांच्या अळ्या, आणि त्यांच्यामागे सुतार. आमच्याकडे दोन जातींचे सुतार पक्षी येतात. एक लहानसा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, डोक्यावर पिवळसर छटा असलेला मराठा सुतार. तो शेवग्याच्या वाळक्या फांद्यांवरून बिनबोभाट हिंडतो. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८०१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यात ‘महरट्टेन्सिस’ हा शब्द घातला. शाळेत शिकवताना हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. आणि दुसरा, ज्याच्याबद्दल मला बोलायचंय, तो सोनपाठी. मैनेपेक्षा मोठा, पाठ हळदीच्या सोन्याची, गळ्यावर काळ्यात पांढरे ठिपके, डोक्यावर लाल तुरा. नराचं डोकं कपाळापासून मागेपर्यंत सगळं लाल. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, आणि लाल फक्त मागच्या तुऱ्याला. तो येतो तेव्हा आधी आवाज येतो, मोठ्याने खिदळल्यासारखा, आणि मग हवेत वरखाली हिंदकळत एक सोन्याचा गोळा येऊन खोडाला चिकटतो. चिकटतो म्हणजे अक्षरशः चिकटतो. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकवून तिसऱ्या पायासारखा आधार. तिथून गोल गोल फिरत वर चढतो. आणि तुम्ही दिसलात की एक गोष्ट हमखास करतो. उडून जात नाही, नुसता सरकून खोडाच्या पलीकडे जातो. मग एका बाजूने डोळा आणि चोच तेवढी बाहेर काढून बघतो, गेली का ही बाई. आपण डावीकडे सरकलो की तो उजवीकडे. मधे कायम खोड.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमचे सुतारकाका आले होते. तीस वर्षं आमच्या घरातलं लाकडाचं काम तेच करतात. आता सत्तरीला आलेत, मुलगा फर्निचरच्या कारखान्यात आहे, पण जुन्या घरांची दारं-खिडक्या बघायला काका अजून स्वतः येतात. मागच्या खोलीच्या चौकटीला वाळवी लागली होती. पटाशी उलटी धरून तिच्या मुठीने ते चौकटीवर खालून वर टक्, टक् करत गेले, डोळे मिटून. एका जागी थांबले, परत खाली आले, पुन्हा वाजवलं. ‘इथवर पोकळ आहे वहिनी. इथून वर भरीव.’ नेमकी त्याच वेळी मागच्या खांबावर टक्, टक्टक्, टक्. काकांनी हात थांबवला. बाहेरचा थांबला की हे वाजवायचे, हे थांबले की बाहेरचा. जरा वेळाने ते हसून म्हणाले, ‘आमच्याच धंद्यातला दिसतोय. तोही आधी वाजवूनच बघतोय.’

मी अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. काकांनी विचारलं, ‘एवढं आपटून त्याचं डोकं दुखत नसेल का हो?’ आणि माझ्या तोंडावर इतक्या वर्षांचं पाठ उत्तर आलं, की त्याच्या कवटीत स्पंजासारखं हाड असतं, ते धक्का शोषून घेतं. पण ते गिळावं लागलं. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी सुतार पक्ष्यांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने व्हिडिओ काढून मोजमाप केलं, तेव्हा धक्का शोषण्याचा पुरावाच मिळाला नाही. चोच थांबते तेव्हा कवटीही तशीच, त्याच झटक्याने थांबते. सगळं डोकं एकसंध, कडक. मेंदूच इतका लहान आणि हलका की तेवढा झटका त्याला सोसतो. मी हे काकांना सांगितलं, आणि बरीच वर्षं मुलांना उलटं शिकवत आले तेही सांगितलं. काकांना त्यात नवल वाटलं नाही. ‘बरोबरच आहे की,’ ते म्हणाले, ‘हातोडीला गादी बांधली तर खिळा बसायचा कसा?’ मला वाटतं, इतक्या वर्षांत एकदा जरी हा प्रश्न मी वर्गात विचारला असता, तर एखाद्या सुताराच्या मुलाने मला तेव्हाच थांबवलं असतं.

त्या दिवशी काकांनी अजून एक काम केलं. गच्चीचं दार आधीच्या पावसाळ्यात फुगून बसलं होतं. सात-आठ महिने कुणी गच्चीवर गेलं नव्हतं. टाकीवाला बाहेरच्या लोखंडी शिडीने चढायचा. काकांनी दार उतरवलं, कडेवरून रंधा फिरवला, बिजागऱ्यांना तेल सोडलं आणि एका बोटाने ढकलून दाखवलं. ‘घ्या, आता कधीही वर जा.’

सोनपाठीने ती जागा निवडली होती ती बहुधा गच्चीवर कुणी नसतं म्हणूनच. हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

वर गेले तर खांबावर, कठड्यापासून पाच-सहा फुटांवर आणि हातभर खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा असा एक खळगा कोरलेला होता. आठवड्यात त्याचं गोल भोक झालं. मी टाकीच्या आड एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे बसायला लागले. आधी ते दोघं मला बघून खोडाआड जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला टाकीचाच एक भाग मानलं असावं. काम दोघंही करायची, पाळीपाळीने. एक कोरत असताना दुसरं आसपास नसायचंच. पाळी बदलायची वेळ आली की लांबून खिदळणं ऐकू यायचं, आतलं बाहेर यायचं, नवं आलेलं खांबाच्या बुडाशी उतरून गोल गोल फिरत वर यायचं आणि कामाला लागायचं. अन्न शोधतानाचं टोकणं सावकाश असतं, मधे थांबून कान दिल्यासारखं. घर कोरतानाचं एकसुरी, कामाचं. आणि तिसरा एक आवाज आहे, तो खाण्याचाही नाही आणि कोरण्याचाही नाही: टर्रर्रर्र असा सलग, एखाद्या चांगल्या वाजणाऱ्या वाळक्या फांदीवर चोचीने धरलेला ताल. ही जागा आमची आहे, असं जगाला सांगणं. सुतारांचं गाणंच ते, फक्त गळ्यातून न येता लाकडातून येतं.

भोक पुरेसं खोल गेल्यावर ते आत दिसेनासे झाले. आतून ठक्, ठक् असा दबलेला आवाज यायचा, मग डोकं बाहेर, चोचीत भुसा, मानेला एक झटका. भुसा उन्हात सोनेरी होऊन खाली धुण्याच्या दगडावर पडायचा. नारळाचं खोड आतून धाग्याधाग्यांचं, त्यामुळे तो भुसा सागाच्या भुशासारखा मऊ नव्हता, काथ्याचा चुरा असावा तसा. त्याला वासही वेगळा, दमट, गोणपाटासारखा. मार्च लागला तसं कोरणं थांबलं आणि दोघांतलं एक कायम आत राहायला लागलं. संध्याकाळी उजेड कमी होताना आत शिरायचा तो पूर्ण लाल डोक्याचा. सुतारांमध्ये रात्री अंड्यांवर बहुधा नर बसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी रोज संध्याकाळी ती लाल टोपी काळोख्या भोकात उतरताना बघणं निराळंच. आम्ही खाली दिवे लावायचो, तो वर कामावर रुजू व्हायचा.

आई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलाय. ज्याच्याकडे बघतील तेच दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघून बोलतात, कारण तेव्हा त्यांना माझा चेहरा दिसतो. ताटातली भाजी दिसायला हवी तर पाण्याच्या भांड्याकडे नजर. पण कान तल्लख. मागच्या ओटीवर खुर्चीत बसून त्या मला सगळं सांगायच्या: ‘बदली झाली बघ.’ ‘आज आतून वाजतंय.’ ‘कालपासून ठोकणं बंद आहे, बसली वाटतं अंड्यांवर.’ मी वरून बघून यायचे आणि त्यांचं बरोबर निघायचं. एकदा त्या म्हणाल्या, ‘रंग कसा गं असतो त्याचा? मला आठवतोय तो खरा की नुसता मनातला, कोण जाणे.’

म्हणून मी फोटो काढायचा ठरवला. जवळून काढायचा, मोठा करून टीव्हीवर लावायचा, आणि आईंना खिडकीकडे बघायला सांगून कडेने तो दाखवायचा. हे खरं आहे. पण हे पूर्ण खरं नाही. आईंना रंग बघायचा होता, पक्ष्याचा. त्यासाठी भोकात बघायची काहीच गरज नव्हती. भोकात मला बघायचं होतं. तीन आठवडे मी त्या काळ्या गोलाबाहेर बसून होते. आत काय आहे, किती आहेत, हे बघितल्यावाचून आता राहवत नव्हतं. आईंचं नाव मी त्याला लावलं.

सेल्फी काठी बांबूला बांधली, फोनवर दहा सेकंदांचा टायमर लावला. पाळी बदलताना एक उडून गेलेलं मी बघितलं होतं, दुसरं यायचंय असं धरून चालले. खरं तर दुसरं पलीकडून येऊन आत शिरलं असणार आणि मी बांबूच्या गाठी मारण्यात होते. बांबू पुढे केला, फोन भोकावर वरून तिरका धरला. टायमर सुरू झाला की फोनचा दिवा लुकलुकतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. एक, दोन, तीन अशी ती पांढरी लख्ख उघडझाप थेट भोकाच्या तोंडाशी. आतून काहीतरी खसपसलं आणि मादी बाहेर आली ती फोनवर आपटतच. मी आजवर ऐकला नव्हता असा आवाज, हसण्याचा नव्हे, फाटल्यासारखा. तिच्या पंखाचा वारा मला लागला नसेल, पण मला तो लागल्याचं आठवतं. ती तळजाईच्या दिशेने गेली. मी बांबू मागे ओढायच्या आत दहा सेकंद संपले आणि फ्लॅश पडला.

सात वाजून बारा मिनिटं.

माझं माहेर नारायण पेठेतल्या वाड्यातलं. माजघरात आजोबांचा मोठा फोटो होता, वरून पुढे कललेला, आणि त्याच्यामागे दरवर्षी चिमण्यांचं घर. काड्या आमटीत पडायच्या, पिसं देव्हाऱ्यात. आईने, माझ्या आईने, कधी ते घरटं काढलं नाही, पण मला आठवतो तो पंखा. उन्हाळ्यात, एप्रिलच्या रणरणत्या दुपारी, पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत ती पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवायची. आठ-दहा दिवस आम्ही सगळे विंझणे हलवत घामाने निथळत जेवायचो. वडील वैतागायचे, पण पट्टी काढायचे नाहीत. मी एकदा स्टुलावर चढून फोटोमागे बघायला गेले तर आईने मागून दंडाला धरून उतरवलं. मारलं नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, ‘त्यांचं चाललंय ते चालू दे.’ एवढंच. पक्ष्यांविषयी मी पुढे जे जे शिकले ते सगळं त्या वाक्याच्या पुढचं होतं, आणि त्या सकाळी मी त्या वाक्याच्या मागे गेले.

नंतर एकदा मी कायदा काढून वाचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे त्यात आहेच. पण त्याच व्याख्येत पुढे रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही आहे. शब्द शिकार हाच. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. आयुष्यभर शाकाहारी, झाडाला मिठी मारून फोटो काढणाऱ्यातली, टेकडीवर कचरा उचलायला जाणाऱ्यातली मी. फोन नावाचं हत्यार घेऊन गच्चीवर गेलेली.

पुढचे दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, गच्चीवर पाऊल टाकलं नाही. पाऊण तासाने नर आला. खांबाच्या बुडाशी बसला, फिरत फिरत वर गेला, भोकापाशी थबकला, आत न जाता पलीकडे सरकला. मला वाटतं तो दुपारी आत गेला. वाटतं म्हणते, कारण मी कुकर उतरवायला वळले होते. त्याच दिवशी संध्याकाळी लाल टोपी दिसली की नाही, यावर माझं माझ्याशीच एकमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बंगल्यावर ब्रेकर सुरू झाला. तो बंगला पुनर्विकासाला गेला होता, कधी ना कधी पडणारच होता, तो नेमका त्या दिवशी. सकाळी आठपासून धडधडधड, भांडी मांडणीत थरथरायची, धुळीने कढीपत्ता पांढरा झाला. त्यात कुणाचं टोकणं ऐकू येणार. चौथ्या दिवशी दुपारी मजूर जेवायला थांबले तेव्हा घरभर एकदम शांतता पसरली, आणि आई ओटीवरून म्हणाल्या, ‘सुताराचा आवाज नाही गं चार दिवस.’ सहाव्या दिवशी साळुंक्यांची जोडी चोचीत गवत, पिसं आणि कसलासा प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन त्या भोकात जाताना दिसली. अंड्यांचं काय झालं ते कळलं नाही. खाली धुण्याच्या दगडावर कवच पडलं नव्हतं. मी बघितलं.

माझ्या नवऱ्याचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं आहे: ब्रेकर. एवढ्या हादऱ्यात माणूस राहत नाही, पक्षी काय राहणार. दुसरं मत साळुंक्यांचं. त्या तशा दांडग्याच. सुताराने कोरलेलं आयतं घर बळकावतात, पोपटही बळकावतात, दयाळही एखादं जुनं भोक धरतो. एका सुताराच्या कष्टावर अर्धी आळी राहते. दोन्ही कारणं खरी असू शकतात. मादी परत आली असेल, दोन दिवस बसलीही असेल, आणि मग भिंत पडायला लागल्यावर गेली असेल. मी हे सगळं क्रमाने मांडून बघते, आणि दर वेळी एका गोष्टीशी अडते. मला ब्रेकर हवासा वाटतो. त्या आवाजाने डोकं उठलं असताना, धूळ पुसता पुसता, मी मनातून त्याची आभारी होते. तो एक दिवस आधी सुरू झाला असता तर किती बरं झालं असतं, असंही मला वाटून गेलं. ते मला फोटोपेक्षाही जास्त टोचतं.

आईंना मी पाडव्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. गाठी आणून ठेवल्या होत्या, कडुलिंबाचा डहाळा पाण्यात होता, आणि त्या साखरेच्या गाठीची कड बोटाने चाचपत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, बांबू, टायमर, दिवा. तुमच्यासाठी काढायचा होता, हेही सांगितलं. त्या माझ्या कानाकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बाळंतिणीच्या खोलीत दिवा घेऊन शिरलीस होय गं.’ त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आणि जरा थांबून, ‘मला विचारायचंस. मी नको म्हटलं असतं.’

फोटो बघायचाय का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही दाखवला नाही.

जूनमध्ये साळुंक्यांची पिल्लं त्याच भोकातून कलकलाट करत बाहेर पडली. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण पिवळ्या चोचींची ती तीन डोकी भोकातून एकदम बाहेर आली तेव्हा मी खिडकीत उभी राहून हसले, आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. पाऊस आला, शेजारचा प्लॉट चिखलाचं तळं झाला, त्याभोवती पत्रे लागले. पुढचं काम कुठे अडलं ते ठाऊक नाही, पण पत्र्यांच्या आत आता कंबरभर गवत आणि एरंड वाढलाय. गच्चीचं दार पुन्हा फुगलं. ऑगस्टमध्ये ढकलून बघितलं तर चौकटीत घट्ट बसलेलं. नवरा म्हणाला, काकांना फोन करतो. मी म्हटलं, राहू दे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. टाकीवाला पुन्हा शिडीने चढतो. त्याला दर वेळी पन्नास रुपये जास्त देते.

दिवाळीनंतर एखाद-दुसरं खिदळणं ऐकू यायचं, पण ते पलीकडच्या सोनमोहोरावर, नाहीतर लांब पांगाऱ्याकडे. आमच्या खांबाकडे कुणी फिरकत नव्हतं. जानेवारीत मी ड्रॉवरमधून तो अर्ज काढला. खांब बुडाशी मऊ पडलाय, प्लॉटच्या अंगाला किंचित कललाय. पावसाळ्यात पडला तर कुठे पडेल, कुणी खाली असेल का, हा प्रश्न आता खरोखरचा आहे. मी तारीख बदलून अर्ज नव्याने लिहिला. आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, आई अंथरुणातूनच म्हणाल्या, ‘आपल्याच नारळावर आहे हा. पलीकडून वाजवतोय.’

पलीकडून, म्हणजे गच्चीच्या उलट्या बाजूने, पत्र्यांच्या आतल्या गवताच्या अंगाने. आमच्या घराच्या कुठल्याही खिडकीतून ती बाजू दिसत नाही. गच्चीवरूनही दिसणार नाही. ही तीच जोडी की दुसरीच कुठली, हे सांगता येत नाही. मला दिसतं ते एवढंच: वारा आमच्या बाजूचा असला की सकाळी धुण्याच्या दगडावर भरड भुसा आणि त्यात एखादी नखाएवढी ढलपी. कामाला येणाऱ्या मावशींना मी सांगितलंय, तो दगड सध्या झाडू नका. रोज उठून आधी तिथे जाते. परवा भुसा जास्त होता, काल थोडा. अर्ज परत ड्रॉवरमध्ये आहे. जूनच्या आधी काहीतरी ठरवावं लागेल, दोर बांधायचा की वरचा भाग उतरवायचा, आणि ते त्यांची पिल्लं उडाल्यावर. सुतारकाकांना विचारीन, खांब किती दिवस टिकेल ते त्यांना वाजवून कळेल. पण इतक्यात नाही.

आज सकाळी थोडा भुसा ओंजळीत घेऊन ओटीवर गेले. आईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘आमच्या आगरातला वास आहे.’ मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. खांबावरचं ठोकणं थांबलं होतं. लांबून खिदळल्याचा आवाज आला, पाळी बदलायची वेळ झाली असावी. आई मान वळवून कढीपत्त्याकडे बघायला लागल्या, अगदी टक लावून, जणू तिथेच काही चाललंय.

‘लाल गेलं बघ काहीतरी,’ त्या कढीपत्त्याकडे बघत म्हणाल्या, ‘आता खोडाआड गेलं.’